दास्यमुक्तीची गोष्ट : गोधडी, चित्रें आणि ध्रुवतारा



‘गुलाम’ हा शब्द आपल्या घरांतील मुलांना प्रथम भेटतो तो पत्त्यांच्या डावांत. राणीच्या खालीं आणि दश्शीच्या वर त्याचें स्थान. ‘गुलामचोर’ खेळतांना तो शेवटीं ज्याच्या हातीं उरेल त्याची फजिती व्हावयाची आणि बाकीच्यांनीं हंसावयाचें, इतकीच त्या शब्दाची ओळख. पुढें शाळेंत पंधरा ऑगस्टच्या भाषणांत तोच शब्द पुन्हां येतो. आम्हां मराठवाड्यांतील मुलांना तो सतरा सप्टेंबरलाहि उच्चारावा लागतो, कारण १९४८ सालीं त्या दिवशीं निजामाच्या राजवटींतून आमची सुटका झाली. गुलामगिरीच्या शृंखला तुटल्या असें मूल हातवारे करून म्हणतें, टाळ्या मिळवितें आणि खालीं बसतें. शृंखला म्हणजे काय असें विचारलें तर तें गप्प राहतें.

परक्याची सत्ता आपल्यावर असणें ही एक गोष्ट, आणि आपण स्वतःच दुसऱ्याची मालमत्ता असणें ही अगदीं निराळी गोष्ट. पहिलींत माणसाचें राज्य जातें. दुसरींत माणूसच खरेदीखतावर चढतो. त्याला बाजारभाव असतो, तो गहाण पडतो, वारसाहक्कानें वांटला जातो, आणि त्याचें मूल जन्मतांच धन्याच्या मालकीचें होतें. हा भेद मनांत उतरविल्यावांचून मुलाला पुढचें कांहींच सांगूं नये. तो उतरविण्याचा एक सोपा मार्ग मला शाळेंत सांपडला. मुलाला विचारावें, तुझ्या घरांतल्या कोणकोणत्या वस्तूंना किंमत आहे? तें सायकल सांगेल, म्हैस सांगेल, आईचें मंगळसूत्र सांगेल. मग विचारावें, आजीची किंमत किती? मूल प्रथम हंसतें, मग हंसावयाचें थांबतें. धडा तेथून सुरू करावा.

तो पुढें कसा न्यावा, हा खरा प्रश्न आहे. क्रौर्याची यादीच वाचून दाखवावी असें कांहीं उत्साही शिक्षकांना वाटतें. मला तें पटत नाहीं. चाबूक, डाग आणि साखळदंड ह्यांच्या वर्णनानें लहान मूल एक तर भितें, नाहीं तर त्याला त्यांत नको ती गोडी वाटूं लागते. उलट क्रौर्य अजिबात वगळून नुसती पळून जाण्याची गंमत सांगितली, तर ती लपंडावाची गोष्ट होते. ह्या दोहोंमधून वाट काढावयाची तर कलेचा हात धरावा, असें माझें मत आहे. त्याला इतिहासाचेंहि कारण आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागांतील पुष्कळ राज्यांत गुलामांना लिहावयास-वाचावयास शिकविणें कायद्यानें गुन्हा ठरविलें होतें. ज्यांच्या हातीं लेखणी येऊं दिली नाहीं त्यांनीं आपली हकीकत गाण्यांत, शिवणकामांत, लांकडाच्या कोरीव कामांत ठेवली. त्यांचा इतिहास शोधणाराला दप्तरखान्याइतकेंच गोधडीकडेहि पाहावें लागतें.

हें सारें दूरच्या अमेरिकेंतलें म्हणून सोडून देण्याचें कारण नाहीं. आपल्या उंबरठ्याशीं असें एक उदाहरण आहे. पोर्तुगीजांच्या गोव्यांत आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून, विशेषतः मोझांबिकाकडून, माणसें आणून विकलीं जात. लिन्सखोटेन नांवाचा एक डच गृहस्थ इ. स. १५८३ पासून १५८८ पर्यंत गोव्याच्या आर्चबिशपाच्या पदरीं चिटणीस होता. त्याचा ग्रंथ १५९६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत गोव्याच्या भर बाजाराचें एक कोरीव चित्र आहे. छत्र्या धरविणारे फिरंगी, पालख्या, घोडे, मालाची घासाघीस, आणि त्याच गर्दींत विकावयास आणलेलीं माणसें. हें चित्र मुलांपुढें ठेवावें आणि कांहीं न बोलतां पांच मिनिटें थांबावें. बाजार म्हटल्यावर मुलांना आठवडी बाजार आठवतो. तीं आधीं घोडे मोजतात, छत्र्या मोजतात. विकावयाचा माल कोणता हें सर्वांत शेवटीं एखाद्याच्या ध्यानांत येतें, आणि तें मूल शेजाऱ्याच्या कानांत हळूच सांगतें.

ह्या गुलामांपैकीं पुष्कळ जण पळाले. पळून जाणार कोठें? गोव्याच्या पूर्वेस सह्याद्रीचें दाट अरण्य. घाट चढून पलीकडे गेलें कीं धन्याचा हात सहसा पोंचत नसे. आज कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यांत यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड, अंकोला ह्या बाजूच्या रानांत जे सिद्दी लोक राहतात, त्यांच्या पूर्वजांत असे पळून आलेले पुष्कळ होते. सगळेच तसे नव्हते. कांहीं विजापूरसारख्या दरबारांच्या चाकरींतून आले, कांहीं दास्य बंद झाल्यावर मोकळे झाले. पोर्तुगालनें आपल्या सर्व मुलखांतील गुलामगिरी १८६९ सालीं कायद्यानें रद्द केली. जंजिऱ्याच्या सिद्दी नबाबांशीं ह्यांची गल्लत करूं नये. ते किल्ला राखून राज्य करणारे, हे शेतमजुरी आणि रानांतील कामें करून पोट भरणारे. त्यांच्यांत हिंदु आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्तीहि आहेत, आणि कोंकणीच्या वळणाची बोली पुष्कळांच्या तोंडीं आहे. २००३ सालीं त्यांचा समावेश अनुसूचित जमातींत झाला.

ह्या सिद्दी बायका जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवतात. त्यांना त्या ‘कवंद’ म्हणतात. खालीं जुनें लुगडें अंथरावयाचें, त्यावर निरनिराळ्या रंगांचे तुकडे मांडीत जावयाचे, आणि जाड दोऱ्यानें धांवदोरा घालीत सुटावयाचें. कांठापासून सुरुवात करून टांका चारी बाजूंनीं फिरत फिरत मध्यापर्यंत नेतात. आमच्या वालुरांत एक जुनी बारव आहे. मराठवाड्यांत बारवा पुष्कळ, आणि त्या बहुधा चौकोनी. पण हिच्या पायऱ्या चक्राकार फिरत पाण्यापर्यंत उतरतात. त्यामुळें कवंदाचा टांका कसा जातो हें वालूरच्या मुलांना समजावून सांगावें लागत नाहीं. ‘बारवेसारखा’ म्हटलें कीं झालें. शहरांतील श्रोत्यांनीं जिलबी डोळ्यांपुढें आणावी.

शिवण मध्यापर्यंत आली तरी गोधडी पुरी होत नाहीं. चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्या एकावर एक बसवून केलेलीं फुलें लावावीं लागतात. हीं फुलें नसलीं तर गोधडी उघडी-नागडी दिसते, असें त्या बायकांचें म्हणणें. ख्रिस्ती घरांतील गोधडीवर क्रूस येतो, मुसलमान घरांतील गोधडीवर चंद्रकोर. २०११ सालीं न्यू यॉर्क येथील शोंबर्ग संशोधन केंद्रांत ह्या गोधड्यांचें प्रदर्शन भरलें होतें, आणि अमेरिकेंतील निग्रो वंशाच्या बायकांनीं शिवलेल्या गोधड्यांशीं त्यांचें साम्य पाहणारांना जाणवलें. त्या साम्यावरून मोठे सिद्धांत बांधण्याची घाई मी करणार नाहीं. तुकडे जोडून पांघरूण करणें ही गरिबीची सार्वत्रिक विद्या आहे. आमच्याकडची वाकळ त्याच घरची. पण समुद्रापलीकडून अंगावरच्या कपड्यानिशीं आणलेल्या आणि रानांत रिकाम्या हातानें शिरलेल्या माणसांच्या वंशजांनीं फाटक्या कपड्यांतून इतकी शोभिवंत वस्तु निर्माण करावी, ही गोष्ट मुलाला सांगण्यासारखी खास आहे.

नुसती सांगूं नये, करवून घ्यावी. प्रत्येक मुलानें घरून वीतभर कापडाचा एक तुकडा आणावा. तुकडा नवा नको, दुकानांतून विकत आणलेला तर मुळींच नको. तो कोणाच्या अंगावरचा, त्या माणसानें तो घालून काय काम केलें, हें घरीं विचारून यावें. पहिल्या वेळीं मीं हा उद्योग केला तेव्हां आजोबांच्या धोतराचे, आत्याच्या लुगड्याचे, गणवेशाच्या खाकी चड्डीचे असे तुकडे आले, आणि प्रत्येकाबरोबर एक हकीकत आली. शिवण शिकवावयास गांवांतील दोन आजीबाईंना बोलाविलें. त्या प्रथम लाजल्या. शाळेची पायरी त्या जन्मांत चढल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशीं मात्र मलाच दामटून बोलूं लागल्या : “गुरुजी, दोरा इतका लांब घेऊं नका, गुंतंल.” मुलग्यांनाहि शिवावयास बसवावें. सुई टोंचते, टांके वांकडे येतात, महिना उलटतो तरी अर्धी गोधडी होत नाहीं. जिच्या श्रमाची मोजदाद कोणी ठेवली नाहीं अशा माणसाचें काम म्हणजे काय, हें त्या महिन्यांत जेवढें कळतें तेवढें माझ्या व्याख्यानांतून कधीं कळलें नसतें.

येथें एक इशारा देणें जरूर आहे. अमेरिकेंत १९९९ सालीं एक पुस्तक निघालें. पळून जाणाऱ्या गुलामांना वाट दाखविण्यासाठीं कुंपणावर विशिष्ट नक्षीच्या गोधड्या वाळत घालीत, अमुक नक्षी म्हणजे ‘निघा’, तमुक नक्षी म्हणजे ‘थांबा’, असें त्यांत प्रतिपादन होतें. कल्पना इतकी मोहक कीं ती तेथील शाळांशाळांतून पसरली. पण इतिहास-संशोधकांनीं शोध घेतला तेव्हां पळून गेलेल्यांच्या स्वतःच्या आत्मवृत्तांत आणि त्या काळच्या मुलाखतींत तिला आधार सांपडला नाहीं. ती कथा एका कुटुंबांतील तोंडी परंपरेवर उभी होती. आपल्याकडेहि मोहक कथांचा तोटा नाहीं. म्हणून मी मुलांना ही कथा सांगतों, आणि ती शंकास्पद कां हेंहि सांगतों. मुलें हिरमुसतात, पण मग तीं विचारतात, “गुरुजी, मग खरें काय?” ह्या प्रश्नासाठीं थोडें हिरमुसणें चालेल.

खरें जें आहे तें कमी चित्तवेधक नाहीं. हॅरिएट टबमन नांवाची एक बाई मेरीलँड राज्यांत सुमारें १८२२ सालीं गुलाम म्हणून जन्मली. लहानपणीं मुकादमानें दुसऱ्यावर फेंकलेलें वजनाचें माप तिच्या डोक्याला लागलें, आणि तेव्हांपासून तिला जन्मभर अवचित झोंपेचे झटके येत. १८४९ सालीं ती एकटी पळाली. नंतर सुमारें तेरा वेळां परत जाऊन तिनें सत्तरेक माणसें सोडवून आणलीं. ती बहुधा हिंवाळ्यांत निघे, कारण रात्री लांब असतात. शनिवारी रात्रीं निघणें तिला पसंत असे. रविवारी छापखाने बंद, तेव्हां पळाल्याची जाहिरात सोमवारच्या आंत निघत नसे. ज्या गुप्त साखळीनें ह्या लोकांना आसरा दिला तिला थट्टेनें ‘भुयारी रेल्वे’ म्हणत. तिला ना भुयार होतें ना रूळ. आसऱ्याचें घर म्हणजे स्टेशन आणि वाटाड्या म्हणजे गार्ड, अशी ती सांकेतिक भाषा होती.

तिची गोष्ट जेकब लॉरेन्स ह्या निग्रो चित्रकारानें १९३९-४० सालीं एकतीस चित्रांत काढली. त्याच्या आधीं फ्रेडरिक डग्लस ह्या दुसऱ्या मुक्त गुलामाचें चरित्र बत्तीस चित्रांत काढलें होतें. प्रत्येक चित्राखालीं दोन-तीन वाक्यें. चित्रें साधीं, ठळक रंगांचीं, बारकावे थोडे. एखाद्या चित्रांत नुसती रात्र आणि तारे. हीं मीं छापील पुस्तकांत प्रथम पाहिलीं तेव्हां मला आपल्या पिंगुळीची आठवण झाली. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कुडाळाजवळ पिंगुळी येथील ठाकर मंडळी चित्रकथी करतात. सुट्या कागदांवरील चित्रांची पोथी, एकेक चित्र पुढें धरावयाचें आणि गाऊन कथा सांगावयाची. त्यांतील परशुराम गंगावणे ह्यांना २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. त्यांच्या कथा रामायण-महाभारताच्या. पण ती रीत कोणत्याहि कथेला चालते. वर्गांत तीस मुलें असतील तर तीस चित्रें होतात. प्रत्येकानें एक चित्र काढावें, त्याखालीं एकच वाक्य लिहावें, आणि शेवटीं क्रमानें उभें राहून आपापलें चित्र दाखवीत कथा सांगावी. सर्वांत अवघड चित्र कोणतें? पकडापकडीचें नव्हे. ‘तिनें निघतांना कोणाला सांगितलें नाहीं’ हें. तें चित्रांत कसें दाखवावें ह्यावर माझा वर्ग एक अख्खा तास भांडला.

नाटुकल्याविषयीं मात्र मी फार कडक आहें. एका शाळेच्या स्नेहसंमेलनांत मीं गुलामांच्या लिलांवाचा प्रवेश पाहिला. त्या शाळेचें नांव घेण्याचें प्रयोजन नाहीं. वर्गांतील सांवळीं मुलें निवडून त्यांना दोरीनें बांधलें होतें, आणि सावकाराचा पोषाख गांवांतील एका सधन घरच्या मुलाला दिला होता. प्रेक्षकांनीं खूप टाळ्या पिटल्या. पुढें वर्षभर त्यांतील एका मुलाला खेळाच्या मैदानावर ‘ए गुलाम’ अशी हांक बसली, आणि ती हांक मारणारांत त्याचे मित्रहि होते. बेडी, बाजार, चाबूक ह्यांचा अभिनय मुलांकडून कधींहि करवूं नये. चित्रांत अंतर राखतां येतें, अंगावर घेतलेलें सोंग घरापर्यंत येतें. आपल्या समाजांत कोणत्या मुलाच्या आजोबांना गांवची वेठ करावी लागली हें गांवाला ठाऊक असतें, आणि त्या मुलालाहि ठाऊक असतें. त्याला वर्गापुढें नमुना म्हणून उभें करणें म्हणजे शिक्षणाच्या नांवाखालीं जुनीच गोष्ट पुन्हां करणें होय.

आमच्या मराठवाड्याला ह्या विषयांत एक असा पुरुष लाभला आहे कीं त्याचें नांव घेतल्यावांचून चालणार नाहीं. मलिक अंबर हा इ. स. १५४८ च्या सुमारास हबसाणांत जन्मला. लहानपणींच विकला गेला, हातोहात फिरला, आणि अखेर अहमदनगरच्या निजामशाहींतील चंगेजखान नांवाच्या प्रधानानें त्याला विकत घेतलें. तो प्रधान स्वतःहि हबशीच होता. धनी वारल्यावर अंबर मोकळा झाला, फौज जमविली, आणि १६०० नंतर निजामशाही त्यानें आपल्या खांद्यावर तोलून धरली. १६१० सालीं त्यानें खडकी वसविली. तेंच पुढचें औरंगाबाद, आजचें छत्रपति संभाजीनगर. त्या शहराला पाणी पुरविणारी नहर-ए-अंबरी त्याचीच. हा माणूस पळाला नाहीं. त्याच्या मुक्तीची वाट निराळी, आणि मुलांना ती निराळी म्हणूनच दाखवावी. नाहीं तर मोठें झाल्यावांचून माणसाला सुटका नाहीं असा भलताच ग्रह व्हावयाचा. हजारांतून एक अंबर होतो, बाकीच्यांचें काय, हा प्रश्न मुलांपुढें मोकळा ठेवावा.

अंबराचें एक चित्र मात्र फार उपयोगाचें आहे. जहांगीर बादशहाचा चित्रकार अबुल हसन ह्यानें सुमारें १६१६ सालीं तें काढलें, आणि आज तें डब्लिन शहरीं चेस्टर बीटी संग्रहालयांत आहे. बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर खोंचलेल्या अंबराच्या मुंडक्यावर बाण मारीत आहे, शेजारीं अपशकुनी घुबड आहे. काम अत्यंत नाजूक. मुलांना विचारावें, हें केव्हां घडलें? उत्तर असें कीं कधींच घडलें नाहीं. मोगलांना अंबर अखेरपर्यंत सांपडला नाहीं. तो १६२६ सालीं ऐंशीच्या घरांत वारला आणि खुलताबादेस आपल्या कबरींत निजला आहे. जें रणांगणांत साधलें नाहीं तें बादशहानें कागदावर साधून घेतलें. एका काळच्या गुलाम पोरानें दिल्लीपतीच्या झोंपेंत केवढी जागा अडविली होती, ह्याचा याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाहीं. खोटें चित्रहि खरी साक्ष देतें, हें दहा-बारा वर्षांच्या मुलाला सहज समजतें.

नाशिकची हकीकत थोडक्यांत सांगतों. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्रजांच्या आरमारानें अरबी समुद्रांतील गुलामांचीं जहाजें पकडून जीं आफ्रिकी मुलें सोडविलीं, त्यांपैकीं कित्येक नाशिकजवळ शरणपूर येथें मिशनच्या आश्रमांत वाढलीं. तेथें त्यांना लिहिणें-वाचणें आणि हातकामें शिकवीत. त्यांतला जेकब वेनराइट नांवाचा तरुण पुढें डेव्हिड लिव्हिंग्स्टन ह्या प्रवाशाच्या शोधांत आफ्रिकेला गेला. १ मे १८७३ रोजीं लिव्हिंग्स्टन मध्य आफ्रिकेंत वारला. त्याचें काळीज जेथें पुरलें तेथील झाडाच्या बुंध्यावर वेनराइटानें नांव व तारीख कोरली. गुलामांच्या तांड्यांतून सुटलेला आणि नाशिकास अक्षर शिकलेला हात तो. तो बुंधा पुढें कापून लंडनला नेऊन जपून ठेवला. त्याच १८७३ सालीं पुण्यांत जोतीराव फुल्यांनीं ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि दास्य नष्ट करण्यासाठीं झटलेल्या अमेरिकेंतील सज्जनांना तो अर्पण केला. अमेरिकेंतील गुलामाचें आणि येथील शूद्रातिशूद्राचें दुःख एका रांगेंत बसविणारा आपल्याकडील पहिला माणूस तो. ग्रंथ मोठ्यांसाठीं आहे, परंतु त्याची रचना जोतीराव आणि धोंडीबा ह्यांच्या प्रश्नोत्तरांची आहे, आणि ती रीत वर्गाला उसनी घेण्यासारखी आहे.

इतकें झाल्यावर वर्गांतून एक प्रश्न येतोच : “गुरुजी, आतां गुलाम आहेत का?” हा प्रश्न टाळणारा शिक्षक मागचें सगळें वाया घालवितो. भारताच्या राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमानें वेठ आणि माणसांचा व्यापार ह्यांना बंदी आहे. १९७६ सालच्या कायद्यानें कर्जापायीं राबविण्याची वेठबिगार पद्धति नष्ट ठरविली. कायद्यानें नष्ट झालेली गोष्ट जगांतून नाहींशी होतेच असें नाहीं, हेंहि सांगावें. आमच्या भागांत दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेलीं कुटुंबें ऊसतोडीला निघतात, आणि वर्गांतील कांहीं जागा चैत्रापर्यंत रिकाम्या राहतात. ह्याला मी गुलामगिरी म्हणत नाहीं. शब्द झिजवूं नयेत हें मीं आरंभींच सांगितलें. पण उचल फिटेपर्यंत सुटतां येत नाहीं, हें त्या घरांतील मूल जाणतें. एका वर्षीं ‘रात्रीं घर सोडणें’ ह्या चित्रासाठीं एका मुलीनें ट्रॅक्टरची ट्रॉली काढली. तींत भांडीं, कोंबड्या, आणि दोरीनें बांधलेला गोधड्यांचा गठ्ठा. मीं तिला कांहीं विचारलें नाहीं. तें चित्र इतर चित्रांबरोबर भिंतीवर लावलें आणि त्याखालीं तिनें स्वतः लिहिलेलें वाक्य तसेंच राहूं दिलें.

शहरांत राहणाऱ्या आईबापांना शाळेची वाट पाहण्याचें कारण नाहीं. गोधडी घरींहि शिवतां येते. आणि गोधडीला वेळ नसेल तर एक रात्र पुरते. पळणाऱ्या गुलामांना रात्रींच्या वाटेवर ध्रुवतारा दिशा दाखवी, हें मात्र पक्क्या पुराव्याचें आहे. फ्रेडरिक डग्लस ह्यानें १८४७ सालीं वर्तमानपत्र काढलें तेव्हां त्याला त्याच ताऱ्याचें नांव दिलें. १८५० च्या अमेरिकन कायद्यानंतर उत्तरेकडील मोकळ्या राज्यांतूनहि पळालेल्याला धरून परत नेत, म्हणून पुष्कळांना थेट कॅनडांत जावें लागलें. तेथें इंग्रजांचा अंमल, आणि इंग्रजांनीं आपल्या वसाहतींतील गुलामगिरी १८३४ सालीं बंद केलेली. कंपनी सरकारच्या हिंदुस्थानाला मात्र त्या कायद्यांतून वगळलें होतें. आपल्याकडे दास्याची कायदेशीर मान्यता गेली ती १८४३ सालीं.

वैशाखांत रात्रीं आठ-नऊच्या सुमारास गच्चीवर जावें. उत्तरेकडे तोंड केलें कीं सप्तर्षि उंच दिसतात. त्यांच्या चौकोनाच्या पुढच्या बाजूचे दोन तारे जोडणारी रेघ खालीं वाढविली कीं ती ध्रुवाजवळ येते. हात लांब करून मूठ धरली तर ती आकाशाचा सुमारें दहा अंश भाग झांकते. ध्रुव क्षितिजापासून किती वर, हें आपण कोणत्या अक्षांशावर उभे आहों त्यावर ठरतें. परभणीचा अक्षांश सुमारें एकोणीस, म्हणून येथें तो जेमतेम दोन मुठी वर असतो, आणि समोर चिंच किंवा दुमजली घर असलें तर दिसतच नाहीं. मेरीलँडांत तो जवळ जवळ चार मुठी वर, आणि कॅनडाच्या हद्दीशीं चारांहून अधिक. उत्तरेकडे चालणाऱ्या माणसाला तो रात्रींमागून रात्रीं हळूहळू वर चढतांना दिसे. मुलाकडून मुठी मोजवून घ्याव्या. पहिल्या रात्रीं नाहीं सांपडला तर दुसऱ्या रात्रीं दिव्यांपासून थोडें दूर, उत्तर दिशा मोकळी असेल अशा जागीं जावें.